एकसमान संसाधन अभिज्ञापक

एकसमान संसाधन अभिज्ञापक (संक्षेपाने यूआरआय) म्हणजे एखाद्या संसाधनाची निःसंदिग्ध ओळख पटविण्यासाठी ठरावीक व्याकरणानुसार रचलेली अक्षरमाला होय. संसाधन हा शब्द येथे व्यापक अर्थाने घेतला जातो. संकेतस्थळावरील पान, छायाचित्र, ध्वनिफीत, ईमेल पेटी, दूरध्वनी क्रमांक, छापील पुस्तकाची आवृत्ती, एखादे गाव किंवा एखादी अमूर्त संकल्पना यांपैकी काहीही संसाधन असू शकते. ते आंतरजालावर उपलब्ध असलेच पाहिजे, अशी अट नाही.

यूआरआय ही मूळ संज्ञा असून एकसमान संसाधन स्थाननिर्देशक (यूआरएल) व एकसमान संसाधन नाम (यूआरएन) हे तिचे दोन परिचित प्रकार आहेत. यूआरएल संसाधन कोठे आहे व तेथपर्यंत कसे पोहोचावे हे सांगतो. यूआरएन संसाधनाला स्थलनिरपेक्ष व टिकाऊ नाव देतो. रोमनेतर लिप्यांतील अक्षरांना वाव देणारा आंतरराष्ट्रीयीकृत संसाधन अभिज्ञापक (आयआरआय) हा यूआरआयचा विस्तार असून देवनागरी वाचकांचा प्रत्यक्ष संबंध बहुधा त्याच्याशीच येतो. प्रत्येक यूआरएल हा यूआरआय असतो. प्रत्येक यूआरआय मात्र यूआरएल असतोच असे नाही.

या लेखात पत्त्यांची उदाहरणे वाचनसोयीसाठी देवनागरी लिप्यंतराने दिली आहेत. न्याहाळकात ती, विशेष उल्लेख नसल्यास, रोमन लिपीत टंकावी लागतात.

नाव आणि ठिकाण

नाव व पत्ता यांतील भेद महाजालापेक्षा पुष्कळ जुना आहे, आणि वर्धा जिल्ह्यात त्याचे एक बोलके उदाहरण आढळते. महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहावयास गेले, त्याचे नाव शेगाव (सेगाव असेही लिहिले जाई) होते. त्याच लोहमार्गावर, बुलढाणा जिल्ह्यात, गजानन महाराजांच्या वास्तव्यामुळे प्रसिद्ध असलेले शेगाव आहे. नामसाधर्म्यामुळे गांधीजींच्या टपालात घोटाळा होऊ लागला. अखेर १९४० साली खेड्याचे नाव बदलून सेवाग्राम असे ठेवण्यात आले. गाव जागचे हलले नव्हते आणि त्याची वस्तीही तीच होती. बदलला तो केवळ अभिज्ञापक. बदलाचे कारणही अभिज्ञापकशास्त्रातील अगदी प्राथमिक म्हणावे असे होते: एकाच नामावकाशात एक नाव दोन वस्तूंना देता येत नाही.

नामावकाश म्हणजे ज्या मर्यादेत नाव अद्वितीय असल्याची हमी दिली जाते ती मर्यादा. वर्धा जिल्ह्यात वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर असे आठ तालुके आहेत. यांपैकी सेलू परभणी जिल्ह्यातही आहे, आष्टी बीड जिल्ह्यातही आहे आणि कारंजा वाशीम जिल्ह्यातही आहे. जिल्ह्याच्या नामावकाशात ही नावे पुरेशी ठरतात; राज्याच्या नामावकाशात ती अपुरी पडतात. म्हणून लोकव्यवहारात कारंजा घाडगे व कारंजा लाड अशी जोडनावे रूढ झाली. विश्वकोशीय लेखांच्या शीर्षकांत कंसातील स्पष्टीकरण किंवा ‘जिल्हा’, ‘तालुका’, ‘नदी’ असा पुढील शब्द जोडण्याची रीत याच गरजेतून आली आहे. ‘वर्धा’ हा एकच शब्द नदी, शहर, तालुका व जिल्हा अशा चार वेगळ्या वस्तूंना लागू पडतो, आणि संगणकाला संदर्भावरून अर्थ लावण्याची सवय नसते.

एकाच स्थळाला निरनिराळ्या व्यवस्थांनी दिलेले अभिज्ञापकही निरनिराळे असतात. वर्धा शहराच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिन कोड ४४२००१, दूरध्वनी संकेतांक ०७१५२, जिल्ह्यातील वाहनांचा नोंदणी संकेत एमएच-३२, २०११ च्या जनगणनेतील जिल्हा क्रमांक ५०४, तर वर्धा जंक्शनचा रेल्वे संकेत डब्ल्यूआर आहे. यांतला प्रत्येक संकेत आपापल्या व्यवस्थेत अचूक असतो. बाहेर काढला की निरर्थक ठरतो. ‘५०४’ एवढेच सांगितले तर कोणालाही काही कळणार नाही. ‘२०११ च्या जनगणनेतील जिल्हा ५०४’ म्हटले की वर्धा निश्चित होते. यूआरआयच्या आरंभी येणारा योजनेचा भाग नेमके हेच काम करतो: पुढील अक्षरे कोणत्या व्यवस्थेनुसार वाचावयाची, हे तो सांगतो.

इतिहास

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत महाजालाची कल्पना मांडली. त्या रचनेत दस्तऐवजांची भाषा, त्यांची देवाणघेवाण करणारा संकेत आणि दस्तऐवजाचा पत्ता लिहिण्याची रीत असे तीन घटक होते. यांपैकी पत्त्याची रीत हा सर्वांत मूलभूत घटक असल्याचे बर्नर्स-ली यांचे मत होते. जून १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १६३० या दस्तऐवजात त्यांनी ‘वैश्विक’ संसाधन अभिज्ञापक अशी संज्ञा वापरली होती. इंटरनेट अभियांत्रिकी कार्यदलातील चर्चेत ‘वैश्विक’ हे विशेषण महत्त्वाकांक्षी वाटल्याने त्याजागी ‘एकसमान’ हे सौम्य विशेषण आले. इंग्रजीत दोन्ही शब्दांचे आद्याक्षर एकच असल्यामुळे संक्षेप मात्र बदलावा लागला नाही.

डिसेंबर १९९४ मध्ये यूआरएलची व्याख्या करणारा आरएफसी १७३८ आणि यूआरएनकडून असलेल्या अपेक्षा नोंदविणारा आरएफसी १७३७ हे दोन्ही दस्तऐवज प्रसिद्ध झाले. त्या काळी विचारांची दिशा सरळ होती: पत्ते एका कप्प्यात, नावे दुसऱ्या कप्प्यात, आणि प्रत्येक अभिज्ञापक या दोहोंपैकी एकात बसणार. संसाधनाविषयीची माहिती वाहणारा यूआरसी हा तिसरा कप्पाही सुचविला गेला होता. तो कधीच प्रचारात आला नाही. यूआरएनचे व्याकरण मे १९९७ मध्ये आरएफसी २१४१ ने निश्चित केले व एप्रिल २०१७ मध्ये आरएफसी ८१४१ ने त्याची जागा घेतली.

कप्प्यांची ही कल्पना व्यवहारात टिकली नाही. ऑगस्ट २००२ मध्ये आलेल्या आरएफसी ३३०५ ने या गोंधळाची जाहीर दखल घेतली आणि जुना दृष्टिकोन व समकालीन दृष्टिकोन असे दोन दृष्टिकोन वेगळे केले. समकालीन दृष्टिकोनानुसार यूआरएल ही औपचारिक वर्गवारी उरत नाही; आपल्या प्राप्तिमार्गाचे वर्णन करून ओळख पटविणाऱ्या यूआरआयला अनौपचारिकपणे यूआरएल म्हणतात, इतकेच. जानेवारी २००५ मध्ये बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग व लॅरी मॅसिन्टर यांनी लिहिलेला आरएफसी ३९८६ प्रसिद्ध झाला. यूआरआयचे सर्वसाधारण व्याकरण आजही त्यानुसारच सांगितले जाते. एखादा यूआरआय स्थाननिर्देशक, नाम किंवा एकाच वेळी दोन्ही असू शकतो, असे त्यात स्पष्ट केले आहे.

रचना

यूआरआयचे जास्तीत जास्त पाच भाग पडतात: योजना, प्राधिकार, मार्ग, पृच्छा व खंड. योजना व मार्ग हे भाग प्रत्येक यूआरआयमध्ये असतात (मार्ग रिकामाही चालतो). उरलेले तीन ऐच्छिक आहेत. पुढील पत्ता पाहावा:

एचटीटीपीएस://एमआर.विकिपीडिया.ऑर्ग/विकी/वर्धा_जिल्हा#इतिहास

यात ‘एचटीटीपीएस’ ही योजना आहे. दोन तिरक्या रेघांनंतरचा ‘एमआर.विकिपीडिया.ऑर्ग’ हा प्राधिकार, म्हणजे पुढील नावे कोणाच्या अखत्यारीत आहेत हे सांगणारा भाग. ‘/विकी/वर्धा_जिल्हा’ हा त्या अखत्यारीतला मार्ग, आणि ‘#’ या चिन्हानंतरचा ‘इतिहास’ हा खंड. प्रश्नचिन्हानंतर येणारी पृच्छा या उदाहरणात नाही. शोधपेटीत शब्द टंकल्यावर उघडणाऱ्या पानाच्या पत्त्यात ती सहसा दिसते. दोन तिरक्या रेघांची खरे तर गरज नव्हती, असे बर्नर्स-ली यांनी २००९ मध्ये स्वतःच मान्य केले. तोवर त्या कोट्यवधी लोकांच्या हातवळणी पडल्या होत्या.

खंडाचे एक वैशिष्ट्य विद्यार्थ्यांच्या नजरेतून अनेकदा निसटते. न्याहाळक पानाची मागणी करताना खंड सर्व्हरकडे पाठवतच नाही. सर्व्हर संपूर्ण पान देतो आणि त्यातील ‘इतिहास’ हा विभाग शोधण्याचे काम वाचकाच्या यंत्रावर होते. त्यामुळे लेखातील विभागाचे शीर्षक बदलले तर दुवा तुटल्याची सूचना मिळत नाही. वाचक लेखाच्या आरंभीच उतरतो.

योजना व प्राधिकार या भागांत रोमन लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांचा भेद मानला जात नाही. मार्गात मात्र तो मानला जातो. देवनागरीत असा भेदच नसल्यामुळे ही अडचण उद्भवत नाही. तिच्याऐवजी उद्भवणाऱ्या अडचणींचे विवेचन पुढे केले आहे.

यूआरएल

यूआरएल हा सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार आहे; सामान्य बोलण्यात ‘लिंक’ किंवा ‘वेबपत्ता’ म्हटले की तोच अभिप्रेत असतो. ‘एचटीटीपी’, ‘एचटीटीपीएस’ व ‘एफटीपी’ या योजनांचे पत्ते या वर्गात मोडतात. यूआरएलमधील प्राधिकार बहुधा अधिक्षेत्र नामाने दर्शविला जातो. हे नाव भूगोलाविषयी काही सांगेलच असे नाही. वर्धा येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाने वापरलेल्या ‘हिंदीविश्व.ऑर्ग’ या अधिक्षेत्र नामात वर्धा, महाराष्ट्र किंवा भारत यांचा कोठेही निर्देश नाही. यूआरएलमधील ‘स्थान’ हे जाळ्यातील स्थान असते, पृथ्वीवरील नव्हे. उलट, पृथ्वीवरील स्थान सांगण्यासाठी ‘जिओ’ ही वेगळी योजना जून २०१० मध्ये आरएफसी ५८७० ने दिली आहे. ‘जिओ:२०.७५,७८.६०’ हा यूआरआय अक्षांश-रेखांशांनी वर्धा शहराचा परिसर दाखवितो. तेथून कोणतीही फाइल उतरवून घेता येत नाही, म्हणून ठिकाण दाखवीत असूनही त्याला रूढ अर्थाने यूआरएल म्हणणे अवघड जाते.

दूरध्वनी क्रमांकासाठी ‘टेल’ व ईमेलसाठी ‘मेलटू’ या योजनाही अशाच सीमेवरच्या आहेत. वर्ध्यातील क्रमांक ‘टेल’ योजनेत लिहावयाचा तर त्याची सुरुवात ‘टेल:+९१७१५२’ अशी होते. संकेतांकाच्या आरंभीचा शून्य हा केवळ देशांतर्गत नामावकाशाचा भाग असल्याने गळतो.

यूआरएन

यूआरएनची सुरुवात ‘यूआरएन:’ या योजनेने होते, त्यानंतर नोंदणीकृत नामावकाश व शेवटी त्या नामावकाशातील विशिष्ट नाव येते. सर्वांत सोपे उदाहरण पुस्तकांचे आहे. आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथ क्रमांक, म्हणजेच आयएसबीएन, यूआरएनच्या रूपात ‘यूआरएन:आयएसबीएन:’ यापुढे क्रमांक लिहून व्यक्त करतात. १ जानेवारी २००७ पासून हा क्रमांक १३ अंकी आहे. भारतातील पुस्तकांवर तो सहसा ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होताना दिसतो. भारतात हे क्रमांक देण्याचे काम राजा राममोहन रॉय राष्ट्रीय अभिकरणाकडे आहे.

असा यूआरएन पुस्तक कोणत्या ग्रंथालयात, कोणत्या फडताळात किंवा कोणत्या संकेतस्थळावर आहे हे सांगत नाही. तो एका आवृत्तीचे नाव असतो. कापडी बांधणीची व कागदी बांधणीची प्रत वेगवेगळे क्रमांक घेते, तर वर्ध्यातील वाचनालयात असलेली प्रत आणि पुण्यातील दुकानात असलेली त्याच आवृत्तीची प्रत यांचा क्रमांक एकच असतो. पुस्तक दुर्मीळ झाले, प्रकाशनसंस्था बंद पडली, तरी क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला दिला जात नाही. नामाचे हे टिकाऊपण हाच यूआरएनचा मुख्य गुण. मर्यादाही तितकीच उघड आहे: या प्रमाणाचा स्वीकार १९७० मध्ये झाल्यामुळे त्यापूर्वीच्या मराठी ग्रंथांना असा क्रमांक मुळात नसतो, त्यामुळे जुन्या वाङ्मयाचा फार मोठा भाग या नामावकाशाबाहेर राहतो.

नियतकालिकांसाठी आयएसएसएन आणि संगणकाने निर्माण केलेल्या १२८ द्वयंकी क्रमांकांसाठी यूयूआयडी हे आणखी दोन प्रचलित नामावकाश आहेत.

यूआरएनचा प्रसार अपेक्षेइतका झाला नाही. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. न्याहाळकाच्या पत्तापट्टीत ‘यूआरएन:आयएसबीएन:’ टंकून पुस्तक उघडत नाही, कारण नावावरून ठिकाण शोधून देणारी सार्वत्रिक यंत्रणा उभी राहिली नाही. नाव ओळखणारा मध्यस्थ लागतोच. डिजिटल वस्तू अभिज्ञापक (डीओआय) व १९९५ मध्ये सुरू झालेली पर्ल ही स्थायी पत्त्यांची पद्धत यांनी हा मध्यस्थ यूआरएलमध्येच बसविला: पत्ता मध्यस्थ सर्व्हरचा असतो, त्यापुढील भाग नावासारखा स्थिर असतो आणि वस्तू हलली की मध्यस्थाच्या नोंदीत बदल केला जातो. रूपाने यूआरएल, वर्तनाने यूआरएन असे हे मिश्रण आहे.

एकच अक्षरमाला, दोन भूमिका

यूआरएलसारखा दिसणारा यूआरआय निव्वळ नाव म्हणून वापरला जाण्याची उदाहरणे बरीच आहेत. सदिश चित्रांच्या एसव्हीजी प्रकारातील फाइल, उदाहरणार्थ ज्ञानकोशातील जिल्ह्याचा नकाशा, साध्या मजकूर संपादकात उघडल्यास आरंभी ‘एचटीटीपी://डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.डब्ल्यू३.ऑर्ग/२०००/एसव्हीजी’ ही अक्षरमाला दिसते. न्याहाळक नकाशा दाखविताना या पत्त्यावर जात नाही. फाइलमधील खुणा कोणत्या शब्दसंग्रहातील आहेत, एवढेच ती अक्षरमाला सांगते. तिच्यात एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर चित्र उमटत नाही. आंतरजालाची जोडणी बंद असली तरी मात्र ते व्यवस्थित उमटते.

वस्तू आणि वस्तूविषयीचे पान यांतील फरकही यूआरआयनेच सांभाळला जातो. विकिडेटा या ज्ञानसंग्रहात महाराष्ट्र राज्याचा क्रमांक क्यू११९१ व मराठी भाषेचा क्रमांक क्यू१५७१ आहे. मार्गात ‘/एंटिटी/क्यू११९१’ असलेला यूआरआय राज्याचे नाव आहे, तर ‘/विकी/क्यू११९१’ हा त्या राज्याविषयीच्या पानाचा पत्ता आहे. भेद पोथीनिष्ठ वाटण्याचा संभव आहे. पण ‘निर्मितिदिनांक’ विचारला तर राज्यासाठी उत्तर १ मे १९६० येते आणि पानासाठी ते २०१२ पूर्वीचे असू शकत नाही, कारण विकिडेटाच त्या वर्षी सुरू झाला. पहिला यूआरआय न्याहाळकात टाकल्यास सर्व्हर ‘३०३’ हा संकेत देऊन वाचकास माहितीच्या पानाकडे पाठवितो. ‘मागितलेली वस्तू मी पाठवू शकत नाही, पण तिच्याविषयीचा मजकूर तेथे आहे’ असा त्या संकेताचा आशय आहे. महाराष्ट्र तारेवरून पाठविता येत नाही, हे तंत्रदृष्ट्याही मान्य केलेले आहे.

देवनागरी पत्ते व आयआरआय

मूळ व्याकरणानुसार यूआरआयमध्ये इंग्रजी अक्षरे, अंक व काही मोजकी चिन्हेच चालतात. जानेवारी २००५ मधील आरएफसी ३९८७ ने आयआरआयची व्याख्या करून युनिकोडमधील इतर लिप्यांना प्रवेश दिला. आयआरआय वाचकासाठी असतो. संगणकांच्या परस्परसंवादात त्याचे यूआरआयमध्ये रूपांतर करता येते. मार्गाच्या भागासाठी हे रूपांतर टक्केचिन्ह संकेतनाने होते.

‘वर्धा’ हा शब्द युनिकोडमध्ये पाच घटकांचा आहे: व, र, हलन्त चिन्ह, ध व काना. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक ३ बाइटांचा होतो आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन षोडशमान अंकांनी लिहिला जातो. म्हणून ‘व’ चे रूप ‘%ई०%ए४%बी५’ असे होते. संपूर्ण शब्द पुढीलप्रमाणे:

%ई०%ए४%बी५%ई०%ए४%बी०%ई०%ए५%८डी%ई०%ए४%ए७%ई०%ए४%बीई

पाच घटकांच्या शब्दाला ४५ चिन्हे लागतात. ‘सेवाग्राम’ हा नऊ घटकांचा शब्द ८१ चिन्हांचा होतो. मराठी विकिपीडियावरील लेखाचा पत्ता नक्कल करून संदेशात चिकटवला की टक्केचिन्हांची लांबलचक माळ उमटते, याचे हे कारण. पत्ता बिघडलेला नसतो. तो केवळ आपल्या दुसऱ्या, यंत्रासाठीच्या रूपात असतो. अशी माळ पाहून दुवा फसवा असल्याची शंका घेणारे वाचक आणि तो छापण्यास नकार देणारे मुद्रक दोघेही आढळतात, म्हणून अनेक मराठी संकेतस्थळे आजही पानांचे पत्ते रोमन लिपीत ठेवतात. रोमन लिपीतही प्रश्न संपत नाही. वर्धा हे नाव ‘डब्ल्यू’ने लिहावे की ‘व्ही’ने, सेवाग्राममधील ‘वा’ कोणत्या अक्षराने लिहावा, याविषयी एकमत नाही आणि पत्त्याला मात्र एकच वर्णलेखन चालते.

देवनागरीची खरी गुंतागुंत दिसायला सारख्या पण आतून वेगळ्या अक्षरमालांत आहे. ‘कऱ्हाड’ हे नाव पाहावे. त्यातील अर्धा र (ज्यास चंद्रकोरी किंवा पापणी र असेही म्हणतात) ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर व हलन्त चिन्ह यांनी लिहिता येतो, किंवा साधा ‘र’, हलन्त चिन्ह व त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह यांनीही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे एकसारखी उमटू शकतात. पहिल्यात सहा घटक आहेत, दुसऱ्यात सात; टक्केचिन्ह संकेतनानंतर त्यांची लांबी अनुक्रमे ५४ व ६३ चिन्हे होते. यंत्राच्या दृष्टीने ती दोन वेगळ्या गावांची नावे आहेत. साध्या ‘र’ला नुक्ता जोडून केलेला ‘ऱ’ हे तिसरे रूपही संभवते. युनिकोडच्या सामान्यीकरणाने ते पहिल्या रूपात विलीन होते, पण अदृश्य जोडचिन्हाचे रूप तसे विलीन होत नाही. एका रूपाने लिहिलेला दुवा दुसऱ्या रूपाच्या शीर्षकाकडे नेत नाही आणि वाचकाला ‘असा लेख नाही’ असे सांगितले जाते. पुनर्निर्देशनाची पाने तयार करणे हा यावरचा प्रचलित उपाय आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या, तसेच अनुस्वार व परसवर्ण यांच्या पर्यायी लेखनासाठीही तोच उपाय करावा लागतो.

अधिक्षेत्र नामांसाठी टक्केचिन्ह संकेतन चालत नाही. तेथे मार्च २००३ मधील आरएफसी ३४९२ ने दिलेली प्युनीकोड ही पद्धत वापरतात. भारतासाठी ‘.भारत’ हे देवनागरी उच्चस्तरीय अधिक्षेत्र २७ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय राष्ट्रीय इंटरनेट विनिमय केंद्राने (निक्सी) खुले केले. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो व सिंधी या आठ भाषांसाठी ते सामाईक आहे. न्याहाळकात ‘भारत’ असे टंकले तरी जाळ्यातील यंत्रणांना ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ हे रोमन रूपच पोहोचते. अधिक्षेत्र लिपीवर आधारलेले आहे, भाषेवर नाही; त्यामुळे मराठी व हिंदीत समान असलेला शब्द ज्याने आधी नोंदविला त्याचा होतो.

सारखी दिसणारी अक्षरे येथे सुरक्षिततेचा प्रश्न बनतात. ध व घ यांतील भेद लहान टंकात सहज नजरेआड होतो. ‘वर्धा’ व ‘वर्घा’ ही दोन वेगळी अधिक्षेत्र नामे होऊ शकतात. अशा नामसाधर्म्याचा फसवणुकीसाठी उपयोग होऊ नये म्हणून न्याहाळक संशयास्पद मिश्रलिपी नावे प्युनीकोडच्या रूपातच दाखवितात. एकाच लिपीतील जुळ्या अक्षरांना मात्र हा उपाय पुरेसा ठरत नाही. काही ऑनलाइन अर्ज देवनागरी पत्ता अवैध मानून नाकारतात, हीसुद्धा या अधिक्षेत्राच्या प्रसारातील एक अडचण आहे.

पत्त्यांचे बदल व तुटलेले दुवे

यूआरएल स्थानाशी बांधलेला असल्यामुळे संकेतस्थळ हलले की तो निकामी होतो. बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये एका टिपणात याविषयी कठोर भूमिका घेतली होती: पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसे ते बदलतात. पत्त्यात विभागाचे नाव, तंत्राची खूण किंवा लेखकाचे नाव घालू नये, कारण या गोष्टी बदलत राहतात, असा त्यांचा सल्ला होता.

वर्धा जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ पूर्वी ‘वर्धा.एनआयसी.इन’ या पत्त्यावर होते. पुढे ते ‘वर्धा.जीओव्ही.इन’ येथे आले. राज्यातील इतर जिल्ह्यांच्या बाबतीतही असेच स्थलांतर झाले. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये छापून प्रसिद्ध झाला. त्याच्या नोंदी आंतरजालावर प्रथम ‘मराठीविश्वकोश.इन’ येथे होत्या व नंतर शासनाच्या ‘विश्वकोश.मराठी.जीओव्ही.इन’ या पत्त्यावर आल्या. अशा वेळी जुन्या पत्त्याचा हवाला देणारा लेख वाचकाला कोठेच नेत नाही. खंड क्रमांक व नोंदीचे शीर्षक सोबत दिले असेल तर तीच नोंद नव्या ठिकाणी, अथवा ग्रंथालयातील छापील खंडात, सापडते. नाम आणि स्थान दोन्ही नोंदविण्याचा फायदा येथे प्रत्यक्ष दिसतो: छापील खंड व शीर्षक यांनी यूआरएनचे काम केलेले असते.

पत्ता बदलणाऱ्या संस्थेला जुन्या पत्त्यावर ‘३०१’ हा कायमच्या स्थलांतराचा संकेत ठेवता येतो. न्याहाळक व शोधयंत्रे त्यावरून नवा पत्ता उचलतात. टपाल खात्याला नव्या घराचा पत्ता कळवून ठेवण्यासारखाच हा प्रकार आहे. संसाधन सापडले नाही तर ‘४०४’ व ते जाणीवपूर्वक काढून टाकले असेल तर ‘४१०’ हे संकेत आहेत. प्रत्यक्षात बहुतेक सर्व्हर दोन्ही प्रसंगी ‘४०४’ च देतात, त्यामुळे मजकूर हरवला की हटविला हे वाचकाला कळत नाही. जुन्या प्रती इंटरनेट आर्काइव्हच्या २००१ पासून खुल्या असलेल्या वेबॅक मशीनवर कधीकधी मिळतात. तेथील पत्त्यात मूळ यूआरएल व प्रत घेतल्याची दिनांक-वेळ असे दोन्ही असल्यामुळे तो विशिष्ट क्षणीच्या आशयाचा अभिज्ञापक ठरतो. संदर्भ म्हणून दिलेल्या दुव्यासोबत अशी प्रत नोंदविण्याची पद्धत विकिपीडियावर रूढ आहे.

संज्ञांचा वापर

औपचारिक लेखनात यूआरआय ही सर्वसमावेशक संज्ञा वापरावी, अशी आरएफसी ३९८६ ची शिफारस आहे. न्याहाळक बनविणाऱ्या कंपन्यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या व्हॉटवर्किंग ग्रुप या गटाच्या यूआरएल मानकाने मात्र उलट मार्ग धरला. यूआरआय व आयआरआय या संज्ञा सामान्यांना गोंधळात टाकतात, म्हणून सर्वांसाठी यूआरएल हाच एक शब्द ठेवावा, असे त्या मानकाचे म्हणणे आहे. परिणामी एकाच काळात दोन मानके दोन परिभाषा वापरतात, आणि परीक्षेतील ‘यूआरआय व यूआरएल यांतील फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाचे उत्तर कोणते मानक प्रमाण मानले यावर काही अंशी अवलंबून राहते. अभ्यासक्रमांत सहसा आरएफसी ३९८६ मधील अर्थ गृहीत धरलेला असतो. मराठीत यूआरएलसाठी ‘वेबपत्ता’, ‘संकेतस्थळाचा पत्ता’ व ‘दुवा’ हे शब्द चालतात. यांपैकी ‘दुवा’ हा शब्द काटेकोरपणे पाहता एका पानातून दुसऱ्याकडे जाण्याच्या जोडणीसाठी आहे, त्या जोडणीत वापरलेल्या पत्त्यासाठी नाही. यूआरएनसाठी रूढ मराठी शब्द नाही.